अर्ध्या जिभेसाठी टाळूची प्लेट : एक प्रकरण अभ्यास

या गृहस्थांची पहिली तक्रार आकड्यांची होती. वय ५४, गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवण्याचे काम, दिवसभर फोन कानाला. ‘सात’ म्हटले की पलीकडचा माणूस ‘आठ’ लिहून घ्यायचा. ‘सदतीस’चे ‘अडतीस’ व्हायचे. एकदा असा घोळ झाला की पुढचा प्रत्येक आकडा दोन-दोनदा विचारला जायचा आणि शेवटी फोन शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात जायचा. जेवणाचे हाल याहून वाईट होते, पण ते खोदून विचारल्यावरच बाहेर आले. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर गिळायला त्रास होणारच, अशी त्यांनी मनाची समजूत घालून घेतली होती.

जिभेच्या उजव्या कडेला कर्करोग. शस्त्रक्रियेत जिभेच्या पुढच्या भागाचा उजवा अर्धा, शेंड्यासकट, आणि जिभेखालचा थोडा भाग काढला गेला, मानेतल्या लसिकागाठी काढल्या, आणि मनगटाच्या वरची त्वचा तिच्या रक्तवाहिन्यांसह आणून ती जागा भरली. पाठोपाठ ३० बैठकांत ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) रेडिएशन. मी वाचा आणि गिळण्याच्या विकारांवर उपचार करते. ते माझ्याकडे आले तेव्हा अन्नासाठी नाकातून घातलेली नळी निघून गेली होती, शल्यचिकित्सकांच्या तपासणीत रोग परत आल्याची खूण नव्हती, आणि त्यांच्या दृष्टीने उपचार संपले होते. (त्यांची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण त्यात एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. टाळूला बसवायच्या एकाच प्लेटकडून बोलणेही सुधारून हवे आणि गिळणेही, असे मागितले की ती दोन बाजूंनी ओढली जाते. ही ओढाताण कुणी आणि कशाच्या आधारावर सोडवायची, हे ठरल्याशिवाय चांगली प्लेट बनत नाही. बहुतेक रुग्णांना हे कुणी सांगतच नाही.

तोंडात नेमके काय बिघडले होते

जीभ वर उचलायला सांगितली की डावी कड थोडी उठायची, उजवीकडची भरलेली त्वचा तशीच खाली पडून राहायची. त्या त्वचेला ना हालचाल, ना संवेदना. रेडिएशननंतर ती आकसली होती, त्यामुळे उजवीकडे चक्क खड्डा दिसत होता. जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये मधोमध सुमारे १२ मिलिमीटरची फट उरत होती. तोंड ३१ मिलिमीटर उघडत होते. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे जबडा आखडला आहे असे आपण धरतो.

उच्चार तपासायला मराठी वर्णमालेइतकी सोयीची यादी नाही. ती मुळातच उच्चारस्थानांच्या क्रमाने लावलेली आहे. पवर्ग स्वच्छ होता, ओठांना काहीच झालेले नव्हते. कवर्गही बराचसा शाबूत, कारण जिभेचे मूळ वाचले होते. खरी पडझड तवर्ग आणि टवर्गात होती. ‘त’साठी जीभ दातांमागे टेकत नव्हती, नुसती हवा सुटायची आणि ऐकणाऱ्याला ‘ह’सारखे काहीतरी ऐकू यायचे. ‘ट’, ‘ड’, ‘ण’, ‘ळ’ यांना जिभेचा शेंडा मागे वळवावा लागतो, इथे शेंडाच नव्हता. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च यांतला फरक पुसला गेला होता. ‘स’ म्हणताना हवा एका धारेत न जाता सगळीकडे फाकत होती. ‘ई’साठी जीभ वर चढत नसल्यामुळे ‘तीन’ आणि ‘तेरा’ यांचे स्वरही जवळजवळ आले होते. आकडे का हुकत होते, ते यावरून कळले. मराठीतले बहुतेक आकडे त, स, न, ठ याच वर्णांवर उभे आहेत.

आता गिळणे. निरोगी माणूस घास गिळताना जिभेचा शेंडा वरच्या दातांमागे टाळूला टेकवतो आणि तिथून मागे मागे टाळूवर जीभ दाबत नेतो. त्या दाबाने घास घशाकडे सरकतो. तोंडातला हा प्रवास साधारण एक ते दीड सेकंदाचा असतो. बेरियम मिसळलेला घास देऊन घेतलेल्या व्हिडिओ एक्स-रे तपासणीत आमच्या रुग्णाला त्यासाठी सहा सेकंदांच्या आसपास लागत होते. घट्ट लगदा टाळूला चिकटून राहायचा आणि उजवीकडे गालाच्या खोबणीत साठायचा. पाण्याचा उलटा त्रास. ते धरून ठेवता येत नसे, गिळण्याची क्रिया सुरू होण्याआधीच घशात ओघळायचे आणि स्वरयंत्राच्या तोंडाशी शिरायचे. रोझेनबेक आणि सहकाऱ्यांच्या १९९६च्या आठ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ही तिसरी पायरी होती. द्रव श्वासमार्गात शिरतो, स्वरतंतूंच्या वर थांबतो, पण बाहेर टाकला जात नाही. घरी ते फक्त मिक्सरमधून काढलेले अन्न खात, एका जेवणाला पाऊण तास लागे, आणि पाण्याचा ठसका लागतो म्हणून ते पाणीच कमी पीत. वजन आठ किलोने उतरले होते.

या तपासणीतली सगळ्यात मोलाची नोंद वेगळीच होती. घास घशात पोहोचल्यावर पुढचे सगळे ठीक होत होते. स्वरयंत्र वर उचलले जात होते, श्वासमार्ग वेळेवर बंद होत होता, जिभेचे मूळ घशाच्या मागच्या भिंतीला टेकत होते. बिघाड तोंडात होता, घशात नव्हता. माझ्या मते प्लेटचा निर्णय इथेच होतो. टाळूवरची प्लेट तोंडातल्या टप्प्याला मदत करते. घशातला टप्पा ढासळलेला असेल, अन्न खोकलाही न येता श्वासनलिकेत जात असेल, तर प्लेटने काही साधत नाही. उलट घास आता लवकर मागे पोहोचतो आणि धोका वाढतो. ही तपासणी न करता थेट प्लेटचे माप घ्यायला रुग्ण पाठवणे मला अजिबात मान्य नाही.

टाळू खाली आणायचा

कल्पना साधी आहे. माळ्यावर हात पुरत नसेल तर फळी खाली ठोकावी, तसे जीभ वर पोहोचत नसेल तर टाळूच तिच्यापर्यंत खाली आणायचा. वरच्या दातांना धरून बसणारी अ‍ॅक्रिलिकची प्लेट करायची आणि तिची खालची बाजू इतकी भरायची की उरलेल्या जिभेला टेकायला जागा मिळेल.

तोंडातली कृत्रिम साधने जुनी आहेत. फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाज पारे यांनी १६व्या शतकात टाळूचे भोक बुजवणाऱ्या साधनांचे वर्णन केले आहे. पिएर फोशार यांच्या १७२८च्या लेखनातही ती आहेत. मऊ टाळू लुळा पडल्यावर त्याला वर उचलून धरणारी प्लेट गिबन्स आणि ब्लूमर यांनी १९५८मध्ये मांडली, आणि जिभेची उणीव टाळूच्या बाजूने भरून काढण्याची पद्धत कँटर आणि सहकाऱ्यांनी १९६९मध्ये. ही तीन निरनिराळी साधने आहेत. टाळूला भोक असेल, अन्न-पाणी नाकातून येत असेल, तर भोक बुजवणारे ऑब्च्युरेटर लागते. भोक नाही पण मऊ टाळू हलत नाही आणि सगळे बोलणे नाकातून येते, तर उचलणारी प्लेट. आणि टाळू धडधाकट, जीभ अपुरी, तर आमच्या रुग्णासारखी टाळू भरणारी प्लेट. चिठ्ठीवर नुसते ‘टाळूची प्लेट’ लिहिले की पुढे गोंधळ होतो.

तयारी

प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात आणि प्लेटा बनवणाऱ्या दंततज्ज्ञ, सहकाऱ्यांनी आधी दात पाहिले. वरचे दात जवळजवळ सगळे होते. ही मोठीच जमेची बाजू, कारण प्लेट त्यांच्यावरच तारेच्या हुकांनी तोलून धरायची होती. खाली उजवीकडच्या दाढा रेडिएशनच्या आधीच काढलेल्या होत्या. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड मरण्याचा धोका असतो, म्हणून शंकास्पद दात आधीच काढतात. लाळ कमी झाल्यामुळे कीड लागण्याची भीती होती. त्यासाठी फ्लोराइड सुरू केले. जबड्याचे ताण देण्याचे व्यायामही त्याच आठवड्यात सुरू झाले, कारण ३१ मिलिमीटरमध्ये मापाचा ट्रे सरळ जात नव्हता. तो कडेने कापून लहान करावा लागला.

साध्या मापावरून पातळ अ‍ॅक्रिलिकची प्लेट बनली. ती दोन-तीन दिवस नुसतीच वापरायला दिली. तोंडात परकी वस्तू सवयीची व्हावी आणि हुक कुठे टोचतात ते कळावे, एवढाच त्यामागचा हेतू.

मेणाचा दिवस

प्लेटचा आकार प्रयोगशाळेत ठरत नाही, रुग्णाची जीभ तो ठरवते. तोंडाच्या उबेला मऊ राहणारे मेण प्लेटच्या खालच्या बाजूला लावायचे, रुग्णाने बोलायचे, गिळायचे, आणि जीभ जिथे दाबेल तिथे मेण आपोआप दबते. जिथे जीभ पोहोचली तिथे मेण गुळगुळीत, चकचकीत दिसते. जिथे पोहोचलीच नाही तिथे ते मंद, खरखरीत राहते. दंततज्ज्ञ मेण लावतात आणि मी ऐकते. दोघे एकाच वेळी खोलीत असल्याशिवाय हे काम होत नाही, यावर मी ठाम आहे.

आम्ही बोलण्यापासून सुरुवात केली. पुढच्या भागात मेण, आणि ‘ता, ती, तू, ना, ला’. थोडे मेण, पुन्हा तेच वर्ण, पुन्हा थोडे. मग पांढऱ्या लेपाची चाचणी. प्लेट कोरडी करून तिच्यावर पातळ लेप फासायचा, एकच वर्ण म्हणवून घ्यायचा, प्लेट लगेच बाहेर काढून बघायची. ‘त’नंतर डावीकडचा लेप दातांच्या रांगेलगत स्वच्छ पुसला गेला होता. उजवीकडचा तसाच्या तसा पांढरा. उजवीकडे मेण वाढवत नेले, तेव्हा कुठे खड्ड्यातल्या त्वचेचा लेपाला स्पर्श झाला आणि हवा त्या बाजूने निसटायची थांबली. त्यांच्या तोंडून ‘त’ आला. तो नेहमीचा ‘त’ नव्हता, जिभेच्या डाव्या कडेने काढलेला होता, पण कानाला ‘त’च ऐकू येत होता.

मग गिळणे. प्लेटच्या मधल्या आणि मागच्या भागात मेण घालून ओला घोट गिळायला दिला. पुन्हा पुन्हा. मेण मधोमध बरेच खाली आले आणि लगदा गिळताना घास प्रथमच एका झटक्यात मागे गेला. ते म्हणाले, “मॅडम, आता घास कुठं आहे ते कळतंय तरी. आधी नुसता घोळत राहायचा.”

आणि त्याच आकारात ‘सात’ म्हणायला सांगितले तर ‘तात’ आले.

ओढाताण ती हीच. गिळायला जीभ आणि टाळू यांच्यात भरपूर स्पर्श हवा, फट जितकी कमी तितके चांगले. ‘स’ला मात्र अरुंद का होईना पण मोकळी वाट हवी. निरोगी जीभ स्वतःला मध्ये किंचित दुमडून ही वाट करते. अर्ध्या जिभेला ते जमत नाही. गिळण्यासाठी भरलेल्या मेणाने ती वाट बुजवली होती. मेण कमी केले तर ‘स’ परत यायचा आणि घास पुन्हा टाळूला चिकटायचा.

अशा वेळी दोन प्लेटा देतात, एक जेवायची आणि एक बोलायची. सल्ला म्हणून तो बरोबर आहे, पण दिवसभर फोनवर असलेला आणि कामाच्या ठिकाणीच जेवणारा माणूस खिशात दोन प्लेटा घेऊन किती दिवस वागवेल? आम्ही त्यांनाच विचारले. त्यांनी क्षणाचाही विचार न करता “बोलणं” म्हटले. त्यांच्या पत्नींनी तितक्याच ठामपणे “जेवण” म्हटले, आणि दोघेही चूक नव्हते.

प्राधान्य गिळण्याला दिले, कारण वजन घटत होते आणि पाणी श्वासमार्गाच्या तोंडाशी जात होते. ‘स’ बिघडला तर माणूस ते पुन्हा म्हणू शकतो. छातीत संसर्ग झाला तर सगळेच थांबते. पण ‘स’ सोडून द्यायचीही तयारी नव्हती. सहकाऱ्यांनी तोडगा काढला. जी वाट जीभ करू शकत नाही, ती प्लेटमध्येच कोरायची. पुढच्या भागात, मध्यरेषेच्या जरासे डावीकडे, उथळ पन्हळ. ती पुढच्या दातांच्या मागे उघडणारी, आणि मागे जिथे घास दाबला जातो तिथे पोहोचण्याआधी संपणारी. खोली ठरवायला बराच वेळ गेला. जास्त कोरली की ‘त’ गळायचा, कमी कोरली की ‘स’चा ‘त’ व्हायचा. शेवटी जो ‘स’ मिळाला तो थोडा शिट्टीसारखा होता, पण ‘त’पासून वेगळा ओळखू येत होता. तेवढ्यावर आम्ही थांबलो.

पक्क्या प्लेटमध्ये उजवी बाजू डावीपेक्षा दुपटीहून जाड झाली. तेवढ्या वजनाने प्लेट खाली सुटली असती, म्हणून जाड भाग आतून पोकळ ठेवला. मागची कड कडक टाळू संपतो तिथेच थांबवली. त्याहून मागे नेली असती तर ओकारी आली असती. ‘क’ आणि ‘ग’साठी तिथे काही करण्याची गरजही नव्हती.

सवय आणि सराव

पहिल्या काही दिवसांत बोलणे आधीपेक्षा वाईट होते. हे आधी सांगून ठेवले नाही तर प्लेट डबीत जाते आणि डबीतच राहते. टाळू झाकला गेल्यामुळे तिथली संवेदनाही जाते. चव आणि उष्णता दोन्ही वेगळी लागतात, गरम पदार्थाचा अंदाज चुकतो. म्हणून सुरुवातीला सगळे कोमट.

सरावात वर्णांपेक्षा आकड्यांवर भर दिला. ० ते ९९ मधले ४० आकडे निवडले, त्यांच्या कामात रोज येणारे. ते फोनवर वाचून दाखवायचे आणि त्यांचा आवाज आधी न ऐकलेल्या माणसाने लिहून घ्यायचे. प्लेटशिवाय ४० पैकी १९ बरोबर. इथे एक उपाय असा सापडला की त्याचा प्लेटशी संबंधच नव्हता. ‘पंचाहत्तर’ ऐवजी ‘सात, पाच’ म्हणायचे. मराठीत शंभरच्या आतले आकडे इतके जोडून घट्ट झालेले आहेत की एक वर्ण गेला तर आधाराला काही उरत नाही. सुटा अंक म्हटला तर ऐकणाऱ्याला फक्त दहांतून एक ओळखायचा असतो. ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्या मागे आम्ही लागलो नाही. ‘न’ आणि ‘ल’ वापरून वाक्याच्या ओघात ते समजून येतात, आणि शेंडा नसलेल्या जिभेकडून ‘ळ’ मागणे हा निव्वळ छळ आहे. ‘र’ही पुसटच राहिला.

गिळताना हनुवटी छातीकडे झुकवून लहान घोट घेणे, घास डावीकडे ठेवणे, प्रत्येक दोन-तीन घासांनंतर उजव्या खोबणीत बोट फिरवून पाहणे. ही कामे प्लेट करत नाही. डोके मागे टाकून घास घशात सोडायची युक्ती काही जण स्वतःच शोधतात. यांनीही शोधली होती. पाणी आधीच लवकर ओघळत असताना ती धोक्याची, म्हणून ती बंद करायला लावली.

काय बदलले

प्लेट लावून आणि काढून, अशा दोन्ही प्रकारे एक्स-रे तपासणी पुन्हा केली. प्लेटसह लगद्याचा तोंडातला प्रवास तीन सेकंदांवर आला. टाळूला चिकटणारे अन्न जवळजवळ नाहीसे झाले. उजव्या खोबणीतले साठणे कमी झाले, पण संपले नाही. पाणी हनुवटी झुकवून लहान घोटांत घेतले तर श्वासमार्गाच्या तोंडाशी जात नव्हते. मोठा घोट घेतला की अजूनही जात होते. प्लेट काढली की जवळपास जुनेच चित्र. जीभ सुधारलेली नव्हती, तिला टेकायला जागा मिळाली होती.

अन्नाच्या घट्टपणाच्या आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीच्या ० ते ७ पातळ्यांवर ते ४ वरून, म्हणजे गुळगुळीत लगद्यावरून, ६ पर्यंत आले. मऊ, छोटे तुकडे. डावीकडच्या दाढा चावतात, उजवीकडे चावायला काही नाही. एका जेवणाला २५ मिनिटांच्या आसपास लागतात. वजन घटणे थांबले आणि हळूहळू चढू लागले. फोनवरच्या ४० आकड्यांपैकी प्लेटसह ३१ बरोबर लिहिले गेले, आणि सुटे अंक म्हटल्यावर जवळपास सगळे.

घरी संध्याकाळी ते प्लेट काढून ठेवतात. घरच्यांना त्यांचे बोलणे तसेही समजते आणि दिवसभराच्या वापराने तोंड थकते. आम्ही त्याला हरकत घेतली नाही. रात्री तर ती काढायचीच असते, नाहीतर कोरड्या तोंडात बुरशी वाढते. मऊ ब्रश आणि साबणाने धुवायची, गरम पाण्यात कधीही नाही, कारण अ‍ॅक्रिलिक वाकते. रात्रभर गार पाण्यात ठेवायची. एक सूचना आम्ही लिहूनच दिली. प्लेटखाली किंवा जिभेच्या कडेला झालेली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ‘प्लेट लागली असेल’ असे म्हणून थांबू नये, थेट शल्यचिकित्सकांना दाखवावे. कर्करोग होऊन गेलेल्या तोंडात न भरणाऱ्या जखमेकडे कुणीही प्लेटचा दोष म्हणून पाहू नये.

भरलेली त्वचा अजून थोडी आकसेल, मग उजवी बाजू पुन्हा भरावी लागेल. त्यासाठी मेणाचा दिवस पुन्हा करायचा आहे. तोंड आता ३४ मिलिमीटर उघडते. ते आणखी मोकळे झाले तर तारेच्या हुकांऐवजी ओतीव धातूची चौकट करता येईल. ती पातळ असते आणि दातांवरचा भार वाटून घेते. खालच्या उजव्या दाढांच्या जागी काय करता येईल, हे रेडिएशन झालेल्या हाडाची अवस्था पाहून शल्यचिकित्सक ठरवतील.